हरणाच्या तोंडातली डहाळी

दुपारचे चार वाजून गेले होते. नोव्हेंबरातला शनिवार. येल्शा या आमच्या गावाच्या वरच्या रानात, माळाच्या कडेला, एक नर हरीण गोळी लागून पडलं.

इथवर कुणाचंच दुमत नाही.

पुढचं वाचून काही जण हसतील. हसोत. यातलं जे मी डोळ्यांनी पाहिलं, ते तसंच लिहितो आहे. जे दुसऱ्याकडून कळलं, तिथे सांगणाऱ्याचं नाव देतो. पदरचं एकही वाक्य घातलेलं नाही.

आम्ही तिघंच होतो. आल्बिन, आमच्या शिकारी मंडळाचा प्रमुख. विन्को, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आणि मी. माझ्याकडे बंदूक नव्हती. मी दोर ओढायला गेलो होतो.

आल्बिन माळाच्या एका टोकाच्या मचाणावर होता, विन्को दुसऱ्या टोकाच्या. बार दोन झाले. जवळजवळ एकदमच. हरणाने दोन-तीन उड्या मारल्या आणि ते झाडीपाशी कोसळलं.

अंगावर जखम मात्र एकच होती.

"माझी," आल्बिन म्हणाला.

विन्कोने खांदे उडवले. "असेल, दादा. या वयात तुमची एखादी तरी लागायला हवीच."

"माझा नेम तुझ्या बापाला विचार."

"तो गेला वर. म्हणूनच त्याचा दाखला देताय."

आल्बिन हसला. विन्कोने वाद घातला नाही. त्याला खरंच फरक पडत नव्हता.

आमच्याकडे पडलेल्या जनावराला उजव्या कुशीवर निजवतात. त्याला ओलांडून कुणी जात नाही. मग ज्याच्या गोळीने ते पडलं, त्याने फरच्या झाडाची एक डहाळी मोडून त्याच्या तोंडात ठेवायची. शेवटचा घास म्हणतात त्याला. तो दिल्याशिवाय सुरी बाहेर काढत नाहीत.

आल्बिनने टोपी काढली. डहाळी मोडली. हरणाच्या दातांमध्ये अलगद ठेवली. दुसरी, मारणाऱ्याची खूण म्हणून, रक्तात बुडवून स्वतःच्या टोपीला खोचली.

मग विन्कोने बाह्या वर सारल्या.

पोट फाडण्यात त्याच्या तोडीचा माणूस मंडळात नाही. सुरीची धार वर, पात्याखाली दोन बोटं, म्हणजे आतली पिशवी फुटत नाही. छातीच्या हाडापासून मागच्या पायांपर्यंत एका रेषेत चीर गेली. वाफ वर आली. त्याने गळ्यापाशी अन्ननलिका मोकळी केली आणि तिला गाठ मारली. ती मारावीच लागते. नाहीतर पोटातलं अर्धवट चावलेलं गवत उलटून येतं आणि मांस नासतं.

कलेजी पिशवीत घातली. बाकीची आतडी-पोट बीच नावाच्या एका झाडाखाली ठेवली. तो कावळ्या-कोल्ह्यांचा वाटा. एरवी आमची पाठ वळायच्या आत कावळे फांद्यांवर येऊन बसतात.

त्या दिवशी फांद्या मोकळ्या होत्या.

मंडळाच्या घराला लागून शीतखोली आहे. तिथे आम्ही हरीण मागच्या पायांनी आकड्यांना टांगलं. मुंडकं खाली. डहाळी अजून तोंडात घट्ट होती. आल्बिनने खांद्यापाशी रक्त साकळलेला भाग कापून काढायला घेतला.

सुरी कशावर तरी अडली.

कातडीखाली गोळी होती. आल्बिनने ती धुतली आणि दिव्याखाली धरली. त्याच्या बंदुकीची गोळी जाड असते. ही बारीक होती.

"तुझी आहे," तो विन्कोला म्हणाला.

"तेव्हाच सांगणार होतो. म्हटलं, म्हाताऱ्याचा दिवस कशाला खराब करा."

आल्बिनने टोपीची डहाळी काढून त्याला दिली. त्याचा चेहरा उतरला होता. "घास मी दिला, विन्को. तू द्यायला हवा होतास. बाहेर जा, ताजी डहाळी मोडून आण आणि तुझ्या हाताने ठेव."

"मेलेल्याला किती वेळा जेवू घालणार, दादा?"

"चेष्टा पुरे. जा."

विन्को खाली वाकला. हरणाच्या तोंडातली डहाळी ओढून काढली. त्यासाठी थोडं बळ लावावं लागलं, हे मी पाहिलं. मग त्याने ती स्वतःच्या दातांत धरली.

"मारलं मी. मग घासही माझाच."

आणि त्याने तिचं टोक चावलं. चघळलं. गिळलं.

मला हसू आलं होतं. आल्बिनला आलं नाही. तो दिवा बंद करून आमच्या आधी बाहेर पडला.

संध्याकाळी विन्कोकडे कलेजी शिजली. ज्या दिवशी शिकार, त्याच दिवशी ती खायची, अशी रीत आहे. भरपूर कांदा, सोबत गव्हाच्या पिठाची उकड. विन्कोच्या बायकोने, मिलेनाने, पहिली बशी त्याच्यापुढे ठेवली.

त्याने तुकडा तोंडात टाकला.

चावला.

चावत राहिला...

आमच्या बशा अर्ध्या झाल्या, तरी तो पहिलाच तुकडा चावत होता.

"चामडं शिजवलंय का मी?" मिलेना म्हणाली.

त्याने मान हलवली. तुकडा हातात काढला. त्याचा पार चोथा झाला होता.

"खाली जात नाही," तो म्हणाला.

"आईच्या हातचं असतं तर गेलं असतं."

"मिले, खरंच जात नाहीये."

पाणी प्यायला दिलं. पाणी गेलं, पण कष्टाने. भाकरीचा कणही गेला नाही. सकाळपर्यंत बरं वाटेल, असं सगळेच म्हणालो.

रविवारी सकाळी मी आणि आल्बिन हरीण पाहायला गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं. आल्बिनने किल्ली कुलपाला लावली आणि तिथेच थांबला.

"ऐक," तो म्हणाला.

मी दाराला कान लावला.

यंत्राची घरघर होती. आणि तिच्याखाली आणखी काहीतरी...

करक... करक... करक...

संथ. ओलसर. गोठ्यात गाई रवंथ करत बसल्या की येतो, तो आवाज. येल्शात जन्मलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही.

आल्बिनने दार उघडलं.

आवाज थांबला.

हरीण टांगलेलं होतं, जसं सोडलं होतं तसंच. पोट उघडं, आत रिकामं. हलत काहीच नव्हतं. पण मुंडक्याखालची फरशी ओली होती. हिरवट, फेसाळ पाणी. मी बोट लावून वास घेतला. चावलेल्या गवताचा होता.

"पोट तर काल वर ठेवून आलो," मी म्हणालो.

"माहीत आहे मला," आल्बिन म्हणाला. "विन्कोला बोलाव."

विन्को आला. रात्रभर जागा वाटत होता. या वेळी त्याने चेष्टा केली नाही. बाहेरून ताजी डहाळी आणली, टोपी काढली, गुडघ्यांवर बसला आणि ती हरणाच्या दातांमध्ये नीट बसवली. "घे," असं हळूच म्हणालाही.

डहाळी फरशीवर पडली.

त्याने पुन्हा ठेवली, जरा आतवर. आम्ही तिघं पाहत होतो. कुणी हात लावला नाही. वारा नव्हता.

पुन्हा पडली.

"सैल बसत असेल," मी म्हणालो.

आल्बिनने खिशातून सुतळी काढली आणि डहाळी तोंडात ठेवून जबडा बांधला. दार लावलं. सोमवारी सकाळी उघडलं, तेव्हा सुतळी बांधलेलीच होती. डहाळी खाली होती. तिचं एकही पान मोडलं नव्हतं.

विन्कोच्या पोटात शनिवारपासून पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी घशात दिवा घालून पाहिलं. सूजही नाही म्हणाले. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "दाजी, वर चला माझ्याबरोबर. मी मारलेली गाठ बघायची आहे."

"गाठीचं काय?"

"गळ्याशी तसंच वाटतंय. कुणीतरी गाठ मारल्यासारखं."

आम्ही भर दुपारी वर गेलो. पहाटे बर्फाचा पातळ थर पडला होता. बीचच्या झाडाखाली आतडी जशीच्या तशी होती. भोवतीच्या बर्फावर कोल्ह्याचा पंजा नाही, कावळ्याचं पाऊल नाही. उंदराचंसुद्धा नाही.

गाठ सुटलेली होती.

तुटली नव्हती, कुरतडलीही नव्हती. सुटलेली होती. आणि शनिवारी गवताने टच्च भरलेली ती पोटाची पिशवी सपाट पडली होती. आत काही नव्हतं. बाहेर सांडलेलं एक पातंही नव्हतं.

विन्को बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "चला. मिलेनाला यातलं काही सांगू नका."

मी सांगितलं नाही. तिने विचारल्यावर त्यानेच सांगितलं.

त्या हरणाचं मांस कुणीच नेलं नाही. आल्बिनने ते कातडं-शिंगांसकट झाडीत पुरलं. मी खणायला होतो. खड्डा बुजवण्याआधी विन्कोने वाकून पुन्हा एकदा डहाळी तोंडात ठेवली. ती राहिली की पडली, हे पाहायला कुणी थांबलं नाही. आल्बिनने लगेच माती ओढली. त्यानंतर शीतखोलीतून आवाज आलेला नाही. आल्बिन रोज दाराला कान लावतो.

विन्कोला त्याच आठवड्यात ल्युब्ल्यानाला मोठ्या इस्पितळात नेलं. तपासण्या झाल्या. घसा चांगला, नसा चांगल्या, पोट चांगलं. एका डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही भांडण झालं का, मनाला काही लागलं का. मी नाही म्हणालो. मग नाकातून नळी घातली. तेव्हापासून तो नळीवर आहे. उंच, धिप्पाड माणूस होता. आता अंथरुणात आहे की नाही, हे चादर पाहून कळत नाही.

पुढचं मिलेनाने सांगितलेलं आहे. मी स्वतः पाहिलेलं नाही.

दुपारी त्याला डोळा लागला की त्याचा जबडा हलतो. आपण खाताना हलतो तसा खालीवर नाही.

आडवा. डावीकडून उजवीकडे...

"मी हाक मारते, तरी थांबत नाही," ती म्हणाली. "हनुवटीवर हात ठेवला तर हाताखाली हलत राहतो. दाजी, त्याच्या तोंडाला गवताचा वास येतो."

मी म्हटलं, औषधाचा असेल.

"गाई माझ्याही घरी होत्या," ती म्हणाली.

हे सगळं मी लिहिणार नव्हतो. आज लिहायला बसलो, कारण दुपारी इस्पितळातून फोन आला. मिलेना घरी कपडे न्यायला आली होती, तिचा फोन लागेना, म्हणून मला केला. बोलणारी परिचारिका तरुण होती आणि आनंदात होती.

"तुमच्या मेहुण्यांनी आज गिळलं," ती म्हणाली. "मी समोरच उभी होते. गळा हलला, व्यवस्थित खाली गेलं. एकदा नाही, दोनदा. कितीतरी महिन्यांनी."

मी खुर्चीत बसलो. डोळे भरून आले, हे खरं आहे.

"काय दिलं होतंत?" मी विचारलं.



"आम्ही काहीच दिलं नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "पण त्याआधी ते बराच वेळ चावत होते."

मी मिलेनाला गाठून एवढंच सांगितलं की विन्कोने गिळलं. ती दारातच रडली. मग आत जाऊन तिने चूल पेटवली.

आत्ता ती बसमध्ये आहे. त्याच्यासाठी सूप घेऊन गेली आहे.