कुसाआत्याच्या पेशी

हे मी बनवून सांगत नाहीये. बनवून सांगायचं असतं, तर स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. मागच्या चैत्रातली आहे. रामकुंडावरची, भर उन्हातली.

मी अंजली. नाशिकमध्येच एका मोठ्या विद्यापीठात बायोमेडिकल सायन्समध्ये पीएचडी करते. बीएस्सीपासून जवळच एकलहऱ्याला माझ्या आत्याकडे राहते. कुसाबाई तिचं नाव. रोज सकाळी डबा हातात देताना ती झाकणावर दोन टिचक्या मारायची.

टक टक.

"अंजे, सगळा संपव. शिळं घरी आणायचं नाय."

मग तिच्या पोटात गाठ निघाली. कॅन्सर. माझं कामही नेमकं तसल्याच गाठींवर. ऑपरेशनच्या आधी मी तिला विचारलं, "आत्या, गाठीचा एक तुकडा घेऊ का गं? लॅबमध्ये वाढवायला."

"घे की. कापून टाकायचीच हाय ती." मग जरा थांबली. "पण मी गेले ना, की तेबी टाकून दे. माझं काय मागं जितं ठेवू नको. अर्धी तिथं, अर्धी इथं… नको बाई."

"टाकीन गं," म्हणाले मी. लहान पोराची समजूत काढतात ना, अगदी तशी.

पेशी कशा वाढवतात ते सांगते. प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत गुलाबी पाणी असतं. ते त्यांचं अन्न. बाटली शरीराइतक्या उबेत, इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. पाणी पिवळं पडलं की समजायचं, पेशी उपाशी आहेत. आम्ही लॅबमध्ये म्हणतोच, "पेशींना जेवू घालून येते."

आत्याच्या पेशी अगदी मरतुकड्या होत्या. जगतायत की नाही, कळत नव्हतं.

आत्या गेली…

आणि त्याच दिवसापासून त्या वाढायला लागल्या.

सकाळी जेवू घातलं की दुपारी पाणी पिवळं. माझे गाईड सर खूश! "अंजली, सोनं आहे हे. जप."

जपलं मी. घरात सुतक होतं आणि मी लॅबमध्ये पेशींना जेवू घालत होते. मनाला सांगत होते, ही गाठ आहे, आत्या नाहीच. हिने तर आत्याला खाल्लं.

दहावा रामकुंडावर होता. तुम्हाला माहीत आहे, तिथले कावळे किती धीट. पिंड नीट ठेवूही देत नाहीत.

त्या दिवशी एकही नव्हता.

संतोषदादा, आत्याचा मुलगा, हात जोडून उभा. बराच वेळ गेला. मग समोरच्या भिंतीवर कावळे येऊन बसले. ओरडेनात. खाली उतरेनात.

"आई, राखीचं लग्न मी नीट करून देईन," दादा म्हणाला. राखी त्याची धाकटी बहीण.

कावळे हलले नाहीत.

"आई, बाबांना एकटं सोडणार नाही."

नाही.

"काहीतरी राहिलंय बाईंचं. आठवा," गुरुजी म्हणाले.

मला घाम फुटला. उन्हानेच, असं मी स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात एक कावळा खाली आला. पिंडाकडे न बघता उड्या मारत पुढे आला… थेट माझ्या पायाशी. मान तिरकी करून वर बघितलं. आणि दगडावर चोच मारली.

टक टक.

"अंजली, तूच बोल काहीतरी," दादा रडवेला झाला. "तुझ्यावर लय जीव होता तिचा."

मी हात जोडले. कसंबसं म्हणाले, "आत्या, आजच टाकते."

कावळा वळला. पिंडाला शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. राखीने मला मिठी मारली. "ताई, काय टाकणार गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

तिथून तशीच लॅब गाठली. बाटली काढली, ब्लीच ओतलं. डोळ्यांदेखत सगळं पांढरं झालं. मी ओक्साबोक्शी रडले.

पण…

एक नळी राहिली होती. बोटाच्या पेराएवढी. द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेली. तिथे पेशी खात नाहीत, वाढत नाहीत. मरतही नाहीत.

मी टाकीचं झाकण उघडलं. थंडगार वाफ अंगावर आली. तेवढी नळी टाकली, तर माझी इतक्या वर्षांची मेहनत मातीत. आणि गोठलेलं म्हणजे काही जितं नव्हे. हो ना?

झाकण लावून टाकलं.

काही दिवसांनी टाकीतून आवाज यायला लागला. टक टक. लॅबमधली आलिमा म्हणाली, "अगं ताई, नायट्रोजन उडतो, तेव्हा होतं असं."

होतं. मला काय माहीत नाही? पण दरवेळी दोनदाच? आणि तेही फक्त मी जेवायला डबा उघडला की?

गेल्या आठवड्यात धीर करून नळी बाहेर काढली. गोठवली तेव्हा पाणी गुलाबी होतं. मीच भरलं होतं.

आता ते हळदीसारखं पिवळं आहे.

"झाकण गळलं असेल," आलिमा म्हणाली.

असेल. पण पिवळं म्हणजे काय, हे मला चांगलं कळतं. जिने मला एक दिवस उपाशी झोपू दिलं नाही, ती…

मी नळी परत टाकीत ठेवली. हो, ठेवली. थिसिस जमा झाला की त्याच दिवशी टाकणार. देवाशप्पथ.

काल दुपारी लॅबबाहेरच्या व्हरांड्यात डबा उघडला. पहिला घास कठड्यावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "आत्या, थोडे दिवस थांब गं. एवढं पूर्ण होऊ दे."

कावळा आला. घासाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

कठड्यावरून उतरून माझ्या डब्याच्या झाकणापाशी आला…

टक टक.

डबा तसाच घरी आणला. कालपासून अन्नाचा कण पोटात नाही.

नळी अजून टाकीतच आहे.