काळी दिसलेली लाल ओढणी

"हो असेल तर उद्या लाल ओढणी घालून काचेपाशी ये, नसेल तर दुसरी कुठलीही," असं आपणच सांगायचं, पोरगी लाल घालून उभी राहिली की पाण्यातून टकामका बघायचं... आणि पाठ फिरवून चालतं व्हायचं! ही कुठली रीत?

ती मत्स्यालयाच्या भिंतींवर माशांची चित्रं काढायची. तो पाणबुड्या, मोठ्या टाकीत उतरून काचा पुसायचा. पहिली गाठच भांडणानं पडली. दिव्याच्या उजेडात ती मासा रंगवत होती, आणि हा निथळत मागं येऊन उभा.

"हा कुठला म्हणायचा?"

"डोळे फुटले का? तो कपारीतला."

"तो तर काळा दिसतो."

"आणला तेव्हा डाळिंबासारखा लाल होता. मी पाहिलाय!"

"आहेच लाल. पण आत उजेड सगळा निळा. लाल दिसायला उजेडातही लाल लागतो, अन् तो खोल पाण्यात पोचतच नाही. म्हणून हा पठ्ठ्या कपारीत बसला की शिकाऱ्याला पत्ता नाही."

"म्हणजे लपायचं म्हणून लाल नेसायचं? भलतंच!"

"लपायचं... आणि कुणी उजेडात आणलंच, तर दिसायचं," तो म्हणाला. बोलताना माशाकडे बघत नव्हता. तिच्या ब्रशातला रंग टपकन पायावर पडला.

मग रोजच काही ना काही निघायचं. शेवटी त्यानं ओढणीचं काढलं. तोंडावर 'नाही' ऐकायची छाती नव्हती म्हणे.

आणि आता हे! तिला काही उमगेना. आपण हसलो नाही म्हणून? की जवळून बघितल्यावर मन फिरलं? विचारावं, तर हा समोरून येताना दिसला की जिन्याकडे वळायचा.

आज तर तिकीटखिडकीवर बसणाऱ्या तिच्या आत्यानं हाक दिली, "अगं, तुझा पाणबुड्या काम सोडून चाललाय! गाडी पकडायचीय म्हणे."

ती झटकन वळली, लाल रंग बोटांवर सांडला. धावपळीत तिनं दिवा विझवला. उरला फक्त टाकीचा निळा उजेड... आणि तिची बोटं काळीकुट्ट!

ती तशीच उभी राहिली. त्या दिवशीही दिवा बंदच होता की!

पिशवीतली ती लाल ओढणी घेऊन ती धावत सुटली. तो खिडकीशी आत्याला किल्ली देत होता.

"थांब! मी कुठली ओढणी घातली होती?"

"कशाला विचारतेस? काळी—" त्यानं किल्ली आत सरकवली. "उत्तर कळलं मला."

तिनं त्याला दारापाशी ओढत नेलं आणि उन्हात ओढणी झटकली. लालभडक!

तो ओढणीकडे बघे, तिच्याकडे बघे... "म्हणजे तू... हो म्हणालीस?"

"तेव्हाच!"

आत्या खिडकीतून बाहेर आली. किल्ली त्याच्याच खिशात कोंबत म्हणाली, "शहाण्या, माशाचा रंग का दिसत नाही ते साऱ्या गावाला समजावतोस, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा अक्कल टाकीत बुडाली होय रे? यापुढं काही विचारायचं तर पाण्याबाहेर येऊन, उजेडात, तोंडानं विचारायचं. कळलं का, जावईबापू?"