हुंकाराएवढी जागा

सकाळचा उजेड आधी खिडकीच्या गजांवर येई. तिथे तो थोडा रेंगाळे, जणू आत यावे की नाही हे अजून ठरायचे आहे. मग गजांच्या सावल्या पुढे पाठवून तो फरशीवर उतरे, फरशीच्या सांध्यांवरून मुंगीच्या चालीने सरके, वाटेत पाण्याच्या तांब्याला स्पर्श करी आणि छतावर एक कवडसा थरथरू लागे. हवेतली धूळ, एरवी कुणाच्या लक्षातही न येणारी, तेवढ्यापुरती सोन्याची होई. या उजेडात नवल करण्यासारखे काही नव्हते. मालवणच्या प्रत्येक पूर्वाभिमुख खिडकीतून तो असाच येत असणार. पण तो टेबलाच्या कडेशी पोचला की शिशिर वालावलकरचा हात आपोआप पुस्तकाकडे जाई. समोरच्या खुर्चीत त्याची आत्या, मांडीवर हात ठेवून, त्याच उजेडाकडे पाहत बसलेली असे.

याच घरात लहानाचा मोठा झालेल्या शिशिरने हा उजेड पूर्वी कधी पाहिला नव्हता. तो त्याला दिसू लागला कलम झाल्यापासून.

त्या काळात पुस्तके होती, पण ती पूर्ण वाचणारी माणसे जवळजवळ उरली नव्हती. कानातली चिमुकली ‘सारिका’ कोणत्याही ग्रंथाचे सार दोन श्वासांत सांगे. शिशिरला ते पुरत नसे. आपल्या मनाला खोली नाही, अंगणात साचलेल्या पाण्यासारखे ते सगळे प्रतिबिंबित करते आणि उन्हाबरोबर आटते, ही खंत त्याला होती. म्हणून त्याने वाचनाची सवय लावून घेण्याचे सगळे उपाय केले. सारिका काढून डब्यात ठेवली. उशाशी पुस्तक ठेवले. रोज थोडी पाने वाचण्याचा नेम केला. नेम मोडला की स्वतःवर रागावला. दुसऱ्या पानाच्या पुढे त्याचे डोळे कधी गेले नाहीत.

शेवटी जन्मभर वाचत आलेली आत्याच त्याला टेकडीवरच्या संशोधन केंद्रात, डॉ. रेवती तेंडोलकरांकडे घेऊन गेली होती.

“याच्या डोक्यात काही रुजेल का हो, डॉक्टर? अक्षरं गिरवताना झोपायचा मेला.”

“रुजेल की. आंब्याचं कलम पाहिलंय ना तुम्ही?”

“पाहिलंय काय विचारता? माझ्या वडिलांनी बांधलेलं परसात अजून फळ देतंय.”

“मग समजावणं सोपं आहे. रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. मूळ रायवळचं, फळ हापूसचं. सवयीचंही तसंच. वाचलेलं लक्षात राहतं, ती स्मृती. पण सकाळ झाली की हात पुस्तकाकडे जातो, मन तिथे टिकतं, ती सवय. ती मेंदूच्या खोल भागात असते, पेशींच्या एका लहानशा जुळणीत. आम्ही तिला काडीच म्हणतो. तुमची काडी घ्यायची आणि याच्यात बांधायची.”

“आणि माझं काय उरतं?”

“वाचलेलं सगळं उरतं. काडी मात्र कापावी लागते. जुळणी सुटी केल्याशिवाय ती कशी बांधली होती हे कळत नाही. पण झाडाला सहसा नवी काडी फुटते.”

“सहसा?” शिशिरने विचारले.

“झाड तरुण असेल तर लवकर फुटते.”

आत्या खळखळून हसली. “म्हातारी झालात म्हणा की सरळ! घ्या हो काडी. जन्मभर मी वाचलं, आता वाचू दे त्याला.”

‘सहसा’ हा शब्द शिशिरने ऐकला होता. पण ज्याला तहान लागली आहे तो भांडे कुणाचे हे फार वेळ विचारत नाही.

आणि मग ते घडले. पहिल्याच सकाळी तो ताऱ्यांवरच्या एका जाड ग्रंथात शिरला आणि दुपारी बाहेर आला तेव्हा परसातले कलम, विहीर, दोरीवरचे कपडे सगळेच नव्याने घडवल्यासारखे दिसत होते. कधीच्या काळी कुण्या एकट्या माणसाने केलेला विचार, तो माणूस नाहीसा झाल्यावरही कागदावर जागा राहिला होता आणि आता शिशिरच्या मनात, त्याच क्रमाने, त्याच संकोचासह उमलत होता. विझलेल्या ताऱ्याचा प्रकाश पोचावा तसा. एवढे मोठे आश्चर्य माणसे कपाटात ठेवून कशी झोपू शकत होती? तो वाचत गेला. नद्यांवरचे, पक्ष्यांवरचे, दुःखावरचे. कित्येकदा त्याचे डोळे भरून येत आणि समोर बसलेल्या आत्याला ते दिसू नये म्हणून तो पुस्तक वर धरी.

एक गोष्ट मात्र त्याला उमगेना. परिच्छेद संपला की त्याचे वाचन थांबे. श्वास किंचित रोखला जाई, कान टवकारले जात. क्षणभर काही घडत नसे. मग डोळे पुढच्या ओळीवर जात.

कलमात काही दोष राहिला असावा, असे वाटून तो पुन्हा टेकडी चढला. डॉ. तेंडोलकरांनी त्याला एक पुस्तक वाचायला दिले आणि भिंतीवरच्या पडद्यावर त्याच्या मेंदूतली हालचाल बराच वेळ न्याहाळली.

“हा दोष नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “ही काडीतलीच गाठ आहे. आत्या मोठ्याने वाचून दाखवायच्या का कुणाला? ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हटलं की पुढचं वाचायचं, असं वर्षानुवर्षं झालं की अशी गाठ पडते. पुढे मनात वाचतानाही त्या थांबत राहिल्या असणार. हुंकाराएवढी जागा सोडून.” त्यांचा आवाज नकळत खाली आला. “हे मी आजवर कुणात पाहिलेलं नाही. कुणाला वाचून दाखवायच्या त्या?”

शिशिरने हातातले पुस्तक मिटले.

“मला,” तो म्हणाला.

आईवडील गेल्यावर त्याच खिडकीशी, आत्याच्या कुशीत बसून, तो रोज ऐकत असे. परिच्छेदागणिक ‘हं’ म्हणत असे. मग त्याला सारिका मिळाली आणि एका सकाळी तो खिडकीशी गेलाच नाही. आत्या एकटी, मनात, वाचू लागली होती. पण प्रत्येक परिच्छेदाशेवटी त्याच्यासाठी थांबली होती. आता ती जागा त्याच्या आत होती आणि तिथे उभा राहून तो स्वतःच्याच बालपणीच्या हुंकाराची वाट पाहत होता.

“नवी काडी फुटली ना त्यांना?” डॉक्टरांनी विचारले. “वाचतात ना?”

“डोळे अधू झालेत तिचे. मोतीबिंदू असेल. ऑपरेशन झालं की वाचेल.”

“कुणी सांगितलं मोतीबिंदू?”

शिशिर उठला. दारापाशी जाऊन तो वळला. “काडी परत बांधता येते?”

“येते. पण मग ती तुझ्यातून कापावी लागेल. आणि इतक्या जुन्या झाडावर ती धरेलच असं नाही.”

“म्हणजे दोघांचीही जाईल.”

“जाऊ शकते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लहानपणचे ते पुस्तक शोधून काढले आणि आत्याजवळ बसून मोठ्याने वाचू लागला. परिच्छेद संपला. तो थांबला. छतावर कवडसा थरथरत होता.

“हं म्हण ना, आत्या.”

“कशाला रे? ऐकतेय की मी. छान वाचतोस हो, रेडिओवरच्यासारखं.” तिने पुस्तक हातात घेतले, पदराने त्याच्यावरची धूळ पुसली आणि न उघडताच बाजूला ठेवले. “एक विचारू? हा उजेड इथवर आला ना, की रोज वाटतं, आपल्याला काहीतरी करायचं होतं. काय ते आठवतच नाही. तुला ठाऊक आहे का रे?”

चष्मा कुठे ठेवला हे विचारावे, तसे तिने विचारले. आवाजात दुःखाचा लवलेशही नव्हता.

“नाही,” शिशिर म्हणाला.

“जाऊ दे. तो सदरा आण तुझा. बटण लोंबतंय कधीचं.”

त्याने सदरा आणून दिला. आत्याने सुई उजेडात धरली, दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले आणि पहिल्याच प्रयत्नात ते नेढ्यातून आरपार गेले. असे ती रोजच ओवत असे आणि तो रोजच पाहत असे.

आत्याच्या डोळ्यांना काहीही झालेले नव्हते.