स्वतःविरुद्ध हरकत

२००३चा डिसेंबर होता. भात कापून झालं होतं, हरभरा वीतभर वर आला होता. मी कळशी घेऊन विहिरीवर गेले, तर काठाला खेटून एक तरुण लाल झेंडी रोवत होता. मी ती सरळ उपटली.

"अहो — ती सरकारी आहे!"

"आणि विहीर आमची आहे."

तो हसला... आणि लगेच गंभीर झाला. नाव रविराज. राहणार नाशिकच्या इंदिरानगरात, गॅस पाइपलाइनच्या कंपनीत सर्व्हेअर. घोटीकडून येणारी लाइन आमच्या वावरातून जाणार होती. जमीन आमच्याच नावावर राहणार, पण अठरा मीटरच्या पट्ट्यात ना विहीर चालणार, ना झाड.

"सातबाऱ्यावर विहीर नाहीच. पड जमीन लिहिलंय," तो म्हणाला.

"म्हणजे भरपाई गवताची?"

तो हरभऱ्याकडे बघत राहिला. "मागच्या खेपेला मी बांधावरूनच नोंद करून गेलो. आत उतरायला हवं होतं."

एवढ्यात आई आली. वडील इगतपुरीला रेल्वेत; त्यांच्या सुट्ट्यांत दोघांनी तीन उन्हाळे खपून ही विहीर खणली होती. सगळं ऐकून लंकाबाई, म्हणजे माझी आई, एवढंच म्हणाली, "हिच्यात दगड टाकायचा, तर आधी माझ्यावर टाका."

रविराज बांधावर टेकला. म्हणाला, "नोटिशीपासून एकवीस दिवसांत हरकत घेता येते. पाच दिवस उरलेत. कागद आणा... मी सांगतो, तुम्ही लिहा."

मी लिहायला बसले.

"लिहा — सर्व्हेअरने जागा न पाहताच नोंद केली."

"'निष्काळजीपणे' लिहू?"

"...लिहा."

"'उद्धटपणे'?"

"उद्धट कुठे होतो मी?"

माझं पेन अडलं. त्याने खिशातलं दिलं. बोटाला बोट लागलं, आणि दोघंही उगाच बांधाकडे बघू लागलो. त्याच्या बाहीला चुन्याची फक्की लागली होती. ती झटकावी, असं फार वाटलं मला.

पंचनाम्यासाठी तो तलाठ्यांना घेऊन आला. विहीर, हरभरा, दोन आंबे — सगळं लिहून घेतलं. मग पुन्हा एकदा आला, एकटाच.

"टेप विसरलो होतो इथे."

"टेप तर तुमच्या खांद्यावर आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. पण गावात बायका म्हणत होत्या, कंपनीच्या कागदावर सही होईपर्यंतच ही पोरं गोड बोलतात. मी न राहवून तोंडावर विचारलं, "सही झाली की ओळख तरी ठेवाल का?"

तो टेप सावरत निघून गेला. पुढच्या खेपेला त्याच्या जागी दुसराच माणूस आला. महिनाभर मी विहिरीवर जाताना वाटेकडे पाहायचं नाही असं ठरवायचे... आणि पाहायचे.

जानेवारीत नाशिकला सुनावणी झाली; आई आणि मी गेलो. साहेबांनी आमचा अर्ज वर धरला. "जाणत्याने सांगितलेला दिसतो. कोणी सांगितला?"

मी ओठ घट्ट मिटले. नाव घेतलं तर त्याची नोकरी जायची.

"मी, साहेब." मागून आवाज आला. मी गर्रकन वळले. दाराशी रविराज उभा होता.

"स्वतःविरुद्धच?"

"चूक माझीच होती."

साहेबांनी नकाशा पुढे ओढला. मग त्यांनी लाइन बारा मीटर पलीकडे, बांधाकडे सरकवली. विहीर वाचली. पट्ट्यातल्या हरभऱ्याची आणि आंब्यांची भरपाईही लागली. आईने तिथेच पदर डोळ्यांना लावला.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला गाठलं. "नोकरी?"

"राहिली. कंपनीला मी आधीच सांगितलं होतं, मेमो मिळालाय... आणि तुमच्या गावचं काम त्या दिवसानंतर मीच सोडलं."

"रागावलात?"

"नाही. हातात तुमचे कागद असताना काही बोललो असतो, तर तुम्हाला खरं वाटलं नसतं. आता मला तुमची सही कशालाच नको. म्हणून... तृप्ती, मला..."

तो अडला तो अडलाच.

"आरं बाबा, बोल की लवकर!" आई म्हणाली. "घोटीची यष्टी सुटल आमची!"

"तुम्ही मला आवडता," तो एका दमात बोलून गेला.

महिनाभराचं ओझं छातीवरून उतरलं. हसू आलं, रडूही.

"रविवारी बाबा घरी असतात," मी म्हणाले. "या."

आईने त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं, हातातली जड पिशवी त्याच्याकडे दिली, आणि आमच्याकडे न बघता स्टँडच्या दिशेने चालू लागली.