इन्क्युबेटरमधलं स्कीर

"हात लावू नकोस. झाकण सरकलंय," थोरा दबक्या आवाजात म्हणाली.

ओस्तापचा हात हवेतच थांबला. कोणतं औषध जंतूंना मारतं, हे दोघांना विज्ञान प्रदर्शनात दाखवायचं होतं. म्हणून तर सुट्टीतही ते शाळेच्या प्रयोगशाळेत आले होते. परवा जंतू वाढवायच्या बशीतल्या प्रत्येक औषधाच्या चकतीभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ कडं पडलं होतं. आज एका बशीची चिकटपट्टी फाटली होती आणि आत भलताच पिवळा थर चकत्यांना खेटून वाढला होता.

"हे जंतू तर औषधाला भीतच नाहीत," ओस्ताप पुटपुटला. "आणि इन्क्युबेटरचा पंचवीस अंशांवरचा काटा चाळीसवर कुणी नेला?"

इन्क्युबेटरच्या खालच्या फळीवर दुधाचे ओघळ होते, बरणीची गोल खूण होती. थोराने वाकून वास घेतला. एवढ्या उबेत दूध विरजतात ते स्कीरसाठी, आइसलँडच्या घट्ट दह्यासाठी. आणि घरी स्कीर लावणारे, शाळेची किल्ली बाळगणारे एकच. तिचे आजोबा बाल्डुर, बर्फावरच्या हॉकीचे कोच.

"आज रिंकवर लहान मुलांना तेच वाढणार आहेत," ती दाराकडे वळत म्हणाली. "आपली लिल्या आहे तिथे."

शेजारच्या खोलीतल्या विज्ञानाच्या बाईंना हाक मारून दोघं बर्फावरून धडपडत रिंककडे पळाले. थोराला रडू आवरेना. तिची पाच वर्षांची बहीण लिल्या पहिलाच चमचा तोंडाशी नेत होती. थोराने तो हिसकावला. वाटी सांडली आणि लिल्याने भोकाड पसरलं. "आजोबा, हे प्रयोगशाळेत जंतूंच्या शेजारी विरजलंत ना?" थोरा ओरडली.

"डोकं फिरलंय का पोरी?" आजोबा भडकले. "प्रयोगशाळेत मी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

ओस्ताप साळसूदपणे म्हणाला, "आमची युक्रेनी आजी म्हणते, स्कीरला तिसाची ऊब बास झाली."

"तुझ्या आजीला स्कीरमधलं काय कळतंय? चाळीस लागते. मी स्वतः काटा..." आजोबांची जीभ अडखळली.

एवढ्यात बाई धापा टाकत पोचल्या.

"बरणीला फडकं बांधलं होतं हो," आजोबा खालच्या आवाजात म्हणाले. "बशी मात्र मीच सरकवली. जागा होत नव्हती."

"जंतू बरणीत गेले असतील, नसतीलही," बाई म्हणाल्या. "पण खाऊन बघायची ही गोष्ट नव्हे. शाबास, पोरांनो. तुम्ही घाबरलात तेच बरं झालं."

रडणाऱ्या लिल्याला उचलायला आजोबांनी हात पुढे केले. मग आपल्याच हातांकडे पाहिलं आणि मागे घेतले.

"आधी साबणाने धुऊन येतो," ते म्हणाले.