पडद्यावरचे पाय

"असं कुठं पळतेत का?"

परभणीच्या थेटरात, भर गाण्यात, राजनंदिनी ओरडली. पडद्यावर हिरो कमरेला ट्रॅक्टरचा टायर बांधून पळत डोंगर चढत होता. गाणं सुरू झालं तेव्हा तो धापा टाकणारा ढोल्या होता आणि दुसऱ्या कडव्याला त्याच्या पोटावर सिक्स पॅक आले होते. शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं, प्रियांकानं, तिचा हात दाबला. पण राजनंदिनीचा राग दाबला की जास्तच उसळायचा.

"आन् पाय तर त्याचे न्हाईतच! तोंड दाखवतेत तवा टाचा आपटतोय. पाय दाखवतेत तवा बघ कसा हलका पडतोय. दुसऱ्याच कुणाचे हायेत ते."

पुढच्या खुर्चीवरचं डोकं वळलं. "ओ ताई, हळू बोला की... माझे हायेत."

"काय तुमचं?"

"पाय."

सावळा, सडसडीत पोरगा. गाण्यात हिरोच्या जागी तोच पळाला होता. बोलता बोलता लाजलाही. दुसरी एखादी हरखली असती, पण राजनंदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मध्यंतरात लंगडत जाऊन तिनं त्याला चहाच्या टपरीवर गाठलं.

रागाला कारण होतं. बोरीची ही पोरगी पोलीस भरतीची तयारी करत होती. आईबाप, बायनाबाई आणि लिंबाजी, ऊसतोडीला गेले होते. दरसाल तीही जायची. यंदा तिला मागं ठेवलं. तिच्या वाटणीच्या मोळ्या आई डोक्यावर वाहत होती, का, तर पोरीच्या अंगावर खाकी चढावी. आणि पोरीनं काय केलं? मोबाइलवर हेच गाणं बघून कमरेला खराखुरा टायर बांधला आणि आठवडाभर पांदीच्या वाटेनं ओढला. नडगी सुजली, हाडाला बारीक चीर गेली. मैदानी चाचणी दोन महिन्यांवर आलेली, आणि डॉक्टर म्हणाले, पळणं बंद.

"तुमच्यापायी माझा पाय हकनाक गेला!" ती म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. उजव्या पायाचा अंगठा माती उकरायला लागला. "टायर... खरा बांधला व्हता तुमी?"

"मग कशाचा बांधतेत?"

"आमचा थर्माकोलचा व्हता. काळा रंग मारल्याला."

प्रियांका फिस्सकन हसली. राजनंदिनीच्या हातातला चहा त्याच्या शर्टावर कसा गेला, हे मात्र तिलाही सांगता आलं नसतं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे तिला ठाऊक होतं. टायरसुद्धा दाखवायचा वेगळा असतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो बोरीत हजर! आदिनाथ त्याचं नाव. चुडाव्याहून रेल्वेनं परभणी, तिथून जिंतूरची एसटी. पत्ता अर्थातच प्रियांकानं दिलेला. राजनंदिनी हरभऱ्याच्या बांधावर बसून पळणाऱ्या पोरींकडं जळफळत बघत होती.

"शर्टाची भरपाई मागायला आलाव का?"

"न्हाई ओ ताई. अशीच चीर मलाबी पडली व्हती. इलाज सांगायला आलो."

"सांगा."

"बसायचं."

"आन्?"

"बसूनच राहायचं. मग चालायचं. मग हळू पळायचं, पळता पळता बोलता येईल इतकंच. पिच्चरात हे दाखवत न्हाईत. बसल्याल्या माणसाला बघायला तिकीट कोण काढील?"

तिला हसू आलं. म्हणून ती आणखी चिडली. "आधी ते ताई म्हणायचं बंद करा."

"मग काय म्हणू?"

"काईच नका म्हणू... बसा."

तो बसला. पुढच्या रविवारीही बसला. दोघं हरभऱ्याचे ढाळे सोलून खायचे, पाल्यावरच्या आंबेनं बोटं आंबट-खारट व्हायची. ती चालायला लागली, मग हळूहळू पळायला. एसटी उशिरा आली की ती त्याच्यावर डाफरायची आणि वेळेवर परत निघाली की एसटीवर.

एका रविवारी उसाच्या फडावरून आईचा फोन आला. मान अवघडलीय म्हणाली, आवाजही खोल गेलेला. राजनंदिनीनं फोन ठेवला आणि जीव खाऊन पळत सुटली. आदिनाथनं मागून येऊन तिचा हात धरला.

"सोडा! तिकडं माय माझ्या वाटणीची मोळी उचलायलीय, आन् मी ढाळे खात बसू?"

"आज अशी पळलीस तर मैदानात उभी राहायची न्हाईस!" तो पहिल्यांदाच कडाडला. "मी असाच पळालो व्हतो. भरतीच्या दिवशी फाटकाबाहेर बसून दुसऱ्यांचे लंबर ऐकले. तुझं तसं न्हाई होऊ द्यायचं मला. कळलं का?"

तुझं... तिनं ते बरोबर ऐकलं. हात अजून त्याच्याच हातात होता. त्याच्या रागानं तिला एकदम भरून आलं. तिच्यासाठी असं संतापणारं जवळ कुणी नव्हतं. ती गुपचूप बांधावर येऊन बसली.

चाचणीच्या दिवशी मैदानाच्या जाळीला फलक लावलेले होते. खालच्या फटीतून बाहेरच्यांचे नुसते पाय दिसायचे. आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर तिची छाती फुटायला आली, आणि तेवढ्यात त्या फटीत एक अंगठा माती उकरताना दिसला. मेल्यानं खड्डा पाडला असेल, असं मनात म्हणत ती सुटली. नडगीनं साथ दिली.

वेळ पुकारली. पुरे मार्क.

बाहेर येऊन तिनं आधी आईला फोन लावला. "माय, मैदान मारलं. मोळी ठेव खाली, जरा बस." पलीकडून फक्त रडणं ऐकू आलं. डोळे पुसून ती आदिनाथसमोर उभी राहिली.

"बोल."

"नडगी... दुखायली का?"

"नडगी गेली खड्ड्यात! पिच्चरात तुझ्या पायावर दुसऱ्याचं तोंड व्हतं. इथं तुझंच हाय ना? मग बोल की!"

त्याचा अंगठा पुन्हा मातीत गेला. मग तो बोलला, पण इतकं हळू की ओठ तेवढे हलले.

"ऐकू न्हाई आलं," ती कडाडली. "भर थेटरात ओरडले व्हते मी."

आदिनाथनं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "लय आवडतीस तू मला!"

फाटकावरचा हवालदार दचकून वळला. "ओ, हळू बोला की."

"बोलू द्या त्याला," राजनंदिनी म्हणाली. "लय दिवस लावले त्यानं."