उष्टी रोटी

पिकलेलं तूत टपकन माझ्या शिदोरीच्या फडक्यावर पडलं, आणि मागोमाग समोर एक सावली पडली.

परीक्षेची सकाळ होती. तालुक्याच्या शाळेबाहेर, तुतीच्या झाडाखाली बसून लेखणी शोधायला मी फडकं सोडलं होतं. आमच्याकडे फडकं उघडं असताना कोणी समोर आलं तर ‘घ्या’ म्हणावंच लागतं. वर न बघता मी म्हटलं, “घ्या.”

तो मांडी घालून बसलाच. रोटीचा तुकडा मोडून त्यानं तोंडात टाकला, आणि तेव्हा कुठं मला तिची दुसरी कड दिसली... तिथं माझे दात उमटले होते.

पहाटे मी निघताना आईनं ती रोटी माझ्या तोंडाशी धरली होती. जाणाऱ्यानं एक चावा घ्यायचा, उरलेली घरात खिळ्याला टांगायची. तो परत येऊन ती संपवेपर्यंत घर त्याची वाट बघतं. पण आईचं त्या दिवशी चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिनं तीच रोटी माझ्या शिदोरीत बांधली होती.

“ही माझी परतीची रोटी आहे,” मी कसंबसं म्हटलं.

त्याचं चावणं थांबलं. भरल्या तोंडानं त्यानं विचारलं, “गिळू, की...?”

“रोटी थुंकतात का कुठं? गिळा.”

त्यानं गिळली. मग गंभीर चेहरा करून म्हणाला, “म्हणजे आता मलाही तुमच्या घरी परतावं लागणार. पण कधी न गेलेल्या घरी परत कसं जायचं?”

मला हसू यायला हवं होतं, पण डोळेच भरले. माझ्या बरोबरीच्या मुली लेकरं मांडीवर घेऊन बसल्या, तेव्हा मी अक्षरं गिरवत होते. वरच्या आमच्या गावात शाळाच नव्हती. बाबा म्हणाले होते, सावरी, एकदाच जा. पास झालीस तर शिक्षिकेचं शिक्षण घे, नाहीतर बकऱ्या आहेतच. आणि अशा दिवशी हा अपशकुन.

त्यानं नाव सांगितलं, शोदमोन; मीही माझं नाव-गाव सांगितलं. गेल्या वर्षी तो निबंधातच नापास झाला होता. राहिलेली रोटी त्यानं हलक्या हातानं फडक्यात बांधून मला दिली. “ही तुम्ही सांभाळा. माझ्या पोटातली मी सांभाळतो.”

आत गेले. इतकी माणसं, आणि इतकी शांतता... बर्फ पडून गेल्यावर डोंगरावर असते तशी. बाईंनी लखोटा फोडला, खडूनं फळ्यावर विषय लिहिला: ‘माझी इथवरची वाट’. पुढ्यात कोरा कागद आला. आई निरोप देताना म्हणते, ‘वाट पांढरी असो.’ ती पांढरी वाट मी पहिल्यांदाच बघत होते. तिच्यावर पाऊल टाकायचा धीर होईना. बाहेरचं ऊन भिंतीवरून सरकत गेलं, तरी माझ्या कागदावर एक रेघ नव्हती.

पलीकडच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. शोदमोन. त्यानं पोटावर हलकेच हात ठेवला, जणू सांगत होता — आहे, जागेवर आहे.

मला हसू फुटलं, आणि लेखणी धावू लागली. आईचे पिठाचे हात लिहिले, खिंडीतला वारा लिहिला, रोटीचा रिकामा खिळा लिहिला. लिहिता लिहिता मीच थक्क झाले. आमचा डोंगर कधीही न बघितलेलं माणूस हे वाचेल, आणि आईचे हात त्याला दिसतील? एवढ्याशा काळ्या रेघांतून?

बाहेर आले तर तो तुतीखाली उभा होता.

“काय लिहिलंत?”

“तुम्ही माझी रोटी खाल्लीत ते.”

“म्हणजे मी पास,” तो म्हणाला.

घरी आईनं फडकं सोडलं. एका बाजूला माझे दात, दुसऱ्या बाजूला मोडलेली कड. तिनं त्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “हा कोण?” मी मान खाली घातली. मी ती संपवायला हात पुढे केला, तर तिनं तो बाजूला सारला. रोटी खिळ्याला टांगत म्हणाली, “अजून एकजण यायचाय.”

निकाल लागायच्या दिवशी खिंडीत दरड कोसळली आणि गाड्या बंद झाल्या. मला जाता आलं नाही. बाबांनी बकऱ्या मोजायला काढल्या. मी उंबऱ्यात बसून राहिले.

उन्हं कलताना वाटेवर एक धुळीनं माखलेला माणूस दिसला. दरडीवरून चालत आला होता. बाबांना सलाम करून माझ्याकडे वळला.

“फळ्यावर तुझं नाव आहे, सावरी. माझंही आहे... तुझ्या खाली.”

‘तू’ म्हणाला होता. ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कान लाल झाले.

बाबांनी विचारलं, “पोरा, तू कोण?”

त्यानं आत, खिळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“परत आलोय,” तो म्हणाला.

आईनं दगडासारखी झालेली रोटी उतरवली, आणि दोन वाट्यांत चहा ओतला.